दाणे दळून कॉफी करणारं यंत्र: गटानं घ्यावं का?

गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न आमच्याकडे वारंवार आला. ज्या गटांनी घरगुती निवास-न्याहारी सुरू केली आहे किंवा रस्त्याकडेला नाश्त्याचा स्टॉल टाकला आहे, त्यांचा हा प्रश्न. शहरातले पाहुणे येतात आणि विचारतात, "कॉफी मिळेल का? ती विरघळणाऱ्या पावडरची नको, दाण्यांची हवी." मग गटातली एखादी ताई मोबाइलवर यंत्राचा फोटो दाखवते. वरून दाणे टाकायचे, बटण दाबायचं, खाली कपात तयार कॉफी. किंमत पंचेचाळीस-पन्नास हजार. अंतर्गत कर्ज काढून हे घ्यावं का, असं विचारतात. आज त्यावरच बोलू या.

आधी मुळात दाणे ऐनवेळी का दळायचे, ते बघू. आपण जिरं भाजून कुटतो तेव्हा घरभर वास सुटतो. तीच पूड चार दिवसांनी डब्यातून काढली की निम्मा वास गेलेला असतो. कॉफीचं तसंच आहे. भाजलेल्या दाण्याच्या पोटात वास आणि तेल कोंडलेलं असतं. दाणा फुटला की त्याला सगळीकडून हवा लागते आणि वास उडायला लागतो. म्हणून दाणे ठेवायचे अख्खे आणि दळायचे लागतील तेवढेच. पाहुणा ज्या चवीचे पैसे देतो, ती यातून येते. यंत्राच्या चकचकीत अंगातून येत नाही.

आता दळणं. यंत्र घेताना सगळ्यात आधी हेच बघा. दळायचे दोन प्रकार असतात. एकात मिक्सरसारखं पातं फिरतं. ते दाणा दळत नाही, तोडतं. त्यामुळे काही भुगा पिठासारखा होतो आणि काही कण्या राहतात. पिठातून कडवटपणा उतरतो, कण्यांतून चव उतरतच नाही, आणि एकाच कपात दोन्ही दोष येतात. दुसऱ्या प्रकारात आपलं जातं असतं! खरंच, तत्त्व तेच. एक चकती स्थिर, एक फिरती, दोन्हींना दाते, आणि मधल्या फटीतून दाणा जातो. दुकानात याला 'बर' ग्राइंडर म्हणतात. गिरणीवाला दगड जवळ-लांब करून पीठ बारीक-जाड करतो, तशी इथेही फट कमी-जास्त करता येते. आमच्या मते पात्याचं यंत्र फुकट मिळालं तरच घ्यावं.

चकत्या पोलादाच्या असतात किंवा चिनी मातीसारख्या सिरॅमिकच्या. सिरॅमिक गंजत नाही, तापतही कमी, पण खडा आला तर तिचा टवका उडतो. सुट्या दाण्यांत कधीकधी बारीक खडा सापडतो. त्यामुळे डाळ निवडतो तसे दाणे ताटात पसरून निवडायचेच, चकती कोणतीही असो. एका खड्यानं यंत्र अडकलं की दुरुस्तीचं बिल हजारांत जातं.

किती बारीक दळायचं हे कॉफी कशी करणार त्यावर ठरतं. दाबाच्या यंत्राला बारीक मिठासारखं लागतं, थेंबथेंब गळणाऱ्याला बारीक रव्यासारखं, आणि भांड्यात भिजवून वरून जाळी दाबायची असेल तर जाड रव्यासारखं. कॉफी कडू आणि हळूहळू उतरतेय, म्हणजे फार बारीक झालं. पाणचट, आंबूस लागतेय, म्हणजे जाड झालं. एवढं लक्षात ठेवलं की पुस्तिका उघडायची गरज क्वचित पडेल. फक्त फट बदलताना ग्राइंडर चालू असू द्या. बंद असताना चाक पिळलं तर मधे अडकलेल्या दाण्यांमुळे चकतीवर ताण येतो.

यंत्रं मुख्यतः तीन तऱ्हेची मिळतात. पहिलं गळणारं. ते दळतं, गरम पाणी सोडतं आणि कॉफी काचेच्या जगमध्ये गळते. काळी कॉफी पिणाऱ्या सहा-आठ जणांना एकदम द्यायची तर हे सोयीचं. पण आपल्याकडे दूध घालून पितात, आणि ही कॉफी दुधात फिकी पडते. शिवाय खालची वाफ वर दळणाच्या तोंडाशी जाते, भुगा ओला होऊन चिकटतो, ते तोंड सारखं पुसावं लागतं. दुसरं पूर्ण आपोआप चालणारं. ते दळून, दाबून, कपात सोडतं आणि चोथा आतल्या डब्यात टाकतं. यातला कॉफी दाबणारा भाग बाहेर काढून नळाखाली धुता येतो का, हे दुकानात स्वतः काढून बघा. येत नसेल तर आमच्या दमट पावसाळ्यात आत बुरशी धरायला वेळ लागत नाही. तिसऱ्यात ग्राइंडर जोडलेला असतो, पण भुगा दांड्याच्या वाटीत भरून आपणच दाबायचा. चव छान येते, मात्र हात बसावा लागतो. गटात पाळीपाळीनं काम करणाऱ्या पाच जणी असतील तर पाच चवींची कॉफी होते.

खोक्यावर '१५ बार' असं मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. तो पंपाचा जास्तीत जास्त दाब. कॉफी उतरायला साधारण ९ बार पुरतात. त्या आकड्यासाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

दाण्यांबद्दल थोडं. महाराष्ट्रात कॉफीची लागवड म्हटली की मेळघाटातल्या चिखलदऱ्याचं नाव येतं. बाकी देशातली बहुतेक कॉफी कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूतून येते, त्यातही कर्नाटकचा वाटा सगळ्यात मोठा. बागेतून थेट दाणे मिळाले तर ते हिरवे, न भाजलेले असू शकतात. ते दगडासारखे कडक असतात. ते यंत्रात कधीही टाकू नका, चकती जाईल. मध्यम भाजलेले, कोरडे दिसणारे दाणे घ्या. काळेकुट्ट, तेलानं चमकणारे दाणे आत चिकटून बसतात. साखरेचा पाक चढवलेले तर नकोच. दक्षिणेकडच्या फिल्टर कॉफीत चिकोरी मिसळतात. ती एका झाडाची भाजलेली मुळी, ओल धरते आणि गोंदासारखी होते. चिकोरी मिसळलेली पूड दाण्यांच्या भांड्यात घालायची नाही. एकावेळी पाव किलोच दाणे आणा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. फ्रिजमध्ये ठेवलेत तर लसणीचा वास लागेल.

आता ज्या गोष्टींमुळे गट अडचणीत येतात त्या. पहिली वीज. ही यंत्रं पाणी तापवताना १,२०० ते १,५०० वॉट ओढतात. मोठा, अर्थिंगचा प्लग हवा. घरचा साधा इन्व्हर्टर हे ओढू शकत नाही. वीज गेली की कॉफी गेली. आणि कुणाची भाची अमेरिकेहून यंत्र आणून देत असेल तर प्रेमानं नाही म्हणा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. थेट लावलं तर जळेल.

दुसरी पाणी. हंड्याच्या तळाला पांढरा थर धरतो ना, तोच यंत्राच्या बारीक नळ्यांत धरतो. बोअरचं जड पाणी असेल तर गाळलेलं मऊ पाणीच वापरा, आणि क्षार काढायचं द्रावण यंत्र सांगेल तेव्हा फिरवा. त्या द्रावणाचा खर्च हिशेबात धरा. दुधाची नळी असेल तर ती त्याच दिवशी धुवायची, उद्यावर ढकलायची नाही. नासक्या दुधाचा वास एकदा लागला की जात नाही.

तिसरी, आणि आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी, वॉरंटी. घरगुती यंत्राच्या वॉरंटी कार्डावर बहुतेक वेळा बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की धंद्यासाठी वापरल्यास ती लागू नाही. आपण तर कॉफी विकणार! दुकानदार तोंडानं "काही होत नाही ताई" म्हणेल. त्याला म्हणावं, बिलावर लिहून द्या. बिल गटाच्या नावानं घ्या. दुरुस्तीचं केंद्र कुठल्या गावात आहे ते विचारा. यंत्र शंभर किलोमीटर नेऊन परत आणायचं तर त्या फेरीत आठवड्याची कमाई जाते.

आता हिशेब. सोबत वही घेऊन बसा आणि आकडे तुमच्याकडचे घाला. आम्ही उदाहरणाला धरलेत ते असे: दाणे ८०० रुपये किलो, एका कपाला १० ग्रॅम, म्हणजे ८ रुपये. १०० मिली दूध ६ रुपये, साखर-वीज मिळून १ रुपया. झाले १५. कप ३० ला विकला तर १५ रुपये सुटले. यंत्र ४५ हजारांचं, म्हणजे ते फिटायला ३,००० कप विकायला हवेत. पाहुणे शनिवार-रविवारीच येतात, दिवसाला २० कप धरले तर महिन्याला १६० कप. ३,००० कपांना जवळजवळ १९ महिने लागले. त्यात कर्जाचं व्याज, दुरुस्ती आणि रिकामा गेलेला पावसाळा धरलेलाच नाही.

याउलट हातानं फिरवायचा चकतीचा ग्राइंडर आणि स्टीलचा दोन मजली फिल्टर, दोन्ही मिळून साडेतीन हजार धरा. ते २३३ कपांत फिटतात, म्हणजे दीड महिन्यात. वीज नसली तरी चालतात. वरच्या भांड्यात भुगा घालायचा, उकळतं पाणी ओतायचं, खाली दाट अर्क उतरतो, त्यात गरम दूध. वेळ दहा-पंधरा मिनिटं लागतो, पण सकाळी अर्क काढून ठेवला की पाहुण्याला दोन मिनिटांत कप देता येतो. मनगट दुखतं ही तक्रार खरी आहे. वीस कपांच्या वर गेलात तर विजेचा सुटा ग्राइंडर घ्या, फिल्टर तोच ठेवा.

आमचं मत म्हणून सांगतो, मोठं यंत्र फक्त रोज पन्नासेक कप खपणाऱ्या जागी घ्यावं, तेही आधी सहा महिने हाताच्या ग्राइंडरवर गिऱ्हाईक मोजून. कप किती गेले ते रोज वहीत लिहा आणि ती वही समोर ठेवूनच मासिक बैठकीत ठराव करा. घ्यायचं ठरलंच, तर आपलेच पाव किलो दाणे घेऊन दुकानात जा आणि समोर तीन कप काढायला लावा. पहिल्या कपावरून काही ठरवू नका. नवं यंत्र, नवे दाणे, तो कधीच नीट येत नाही. यंत्राचा आवाजही ऐका, कारण पहाटे सहाला ते घरघरलं तर शेजारच्या खोलीतले पाहुणे जागे होतात.

आणि चोथा टाकून देऊ नका. पालापाचोळा, शेण यांच्याबरोबर खताच्या खड्ड्यात मिसळा. कुंडीत नुसता जाड थर दिलात तर तो वाळून पापडासारखा कडक होतो आणि पाणी आत जात नाही.