मध्य विभागातील वऱ्हाड

बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा ज्याने थोडा सावकाशीने पाहिला असेल, त्याला हा जिल्हा वऱ्हाडाच्या पश्चिम अंगाला एखाद्या नाक्यासारखा बसलेला दिसला असेल. त्याच्या पश्चिमेस जळगावचा खानदेश, दक्षिणेस जालन्याचा मराठवाडा, उत्तरेस सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर, आणि केवळ पूर्वेस, अकोला व वाशीम यांच्या बाजूने, त्याचे स्वतःचे वऱ्हाडी गोत. सरकारी दप्तरांनीही या जिल्ह्याची ओढाताण कमी केलेली नाही. महसुलाला अमरावती, उच्च न्यायालयाला नागपूरचे खंडपीठ, आणि घाटाखालच्या मलकापूर, नांदुरा, शेगाव या स्थानकांवरून धावणाऱ्या आगगाड्यांना भुसावळ, अशी वाटणी येथे सवयीची झाली आहे. परंतु या सर्व हद्दींहून निराळी आणि सामान्य माणसाच्या फारशी लक्षात न येणारी एक सरहद्द क्रिकेटने आखली आहे. मलकापूरचा एखादा होतकरू गोलंदाज रणजी करंडकापर्यंत पोहोचला, तर तो विदर्भाकडून व म्हणून मध्य विभागाकडून खेळतो. तेथून महामार्गाने थोड्याच अंतरावर असलेल्या मुक्ताईनगरचा त्याचा समवयस्क महाराष्ट्राच्या संघातून पश्चिम विभागात जातो. आणि देऊळगाव राजा व जालना या शेजारच्या गावांचेही तसेच. बोलीत, पिकात व सोयरिकीत फरक पडावा तो हळूहळू पडतो, विभाग मात्र एका पावलात बदलतो.

ही रेघ कोठून आली, याचा शोध क्रिकेटच्या इतिहासात घ्यावयाचा तर आधी मुलकी इतिहासात शिरावे लागते. निजामाचा वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आला आणि पुढच्याच वर्षी मध्य प्रांताला जोडला गेला. अशा रीतीने तापी-पूर्णेच्या खोऱ्यातील मराठी मुलखाची मान मुंबईकडून वळून नागपूरकडे, आणि नागपूरमार्गे जबलपूर-रायपूरकडे लागली. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ १९२८ मध्ये स्थापन झाले व १९३४ मध्ये पतियाळाच्या महाराजांनी दिलेला, रणजितसिंहांचे नाव लाभलेला करंडक आला, तेव्हा मंडळापुढे जो हिंदुस्थान होता तो इलाख्यांचा, प्रांतांचा आणि संस्थानांचा होता. त्यामुळे मध्य प्रांत व वऱ्हाड या जोडनावाचा संघ रणजी स्पर्धेत उतरला यात नवल नव्हते. नवल असलेच तर ते हे, की प्रांत मोडला, राज्ये बदलली, तरी त्या जुन्या मुलकी रचनेची छाया स्पर्धेच्या विभागवारीवरून पुसली गेली नाही.

आरंभी विभाग चारच होते : उत्तर, दक्षिण, पूर्व व पश्चिम. मध्य विभाग नावाची पाचवी वाटणी पुढे पन्नाशीच्या दशकात उदयास आली. तिच्या पूर्वपीठिकेत इंदूरच्या होळकर संघाला जे स्थान आहे त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही, कारण १९४४-४५ पासून १९५४-५५ पर्यंतच्या अकरा हंगामांत हा संघ दहा वेळा अंतिम सामन्यात खेळला आणि चार वेळा करंडक घेऊन गेला. त्याचा कर्णधार कर्नल कोट्टारी कनकय्या नायडू हा नागपूरचा. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात जन्मलेला, डिसेंबर १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर एमसीसीच्या गोलंदाजांची धुलाई करून १५३ धावांत अकरा षटकार ठोकणारा, १९३२ मध्ये लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी संघाचे नेतृत्व करणारा हा पुरुष होळकरांच्या पदरी, त्यांच्या फौजेत हुद्दा घेऊन राहिला. आणि एकसष्टाव्या वर्षी, १९५६-५७ च्या हंगामात, उत्तर प्रदेशाचा कर्णधार म्हणून रणजीच्या मैदानावर उतरला. विदर्भाचा संघ रणजीत प्रथम खेळला तो त्याच्या पुढच्या हंगामात, १९५७-५८ मध्ये. आपल्या मातीतल्या सर्वांत मोठ्या खेळाडूला आपल्या संघाची टोपी घालण्याचे भाग्य विदर्भाला एका वर्षाने हुकले, हे वाचताना कोणाही वऱ्हाडकराला चुटपुट लागावी.

विदर्भाचा संघ निर्माण झाला तो काळही लक्षात घेण्याजोगा आहे. फाजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात बुलढाण्यासह आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचवले होते. ते राज्य झाले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. राजकारणाने जे नाकारले ते क्रिकेटने दिले, असे म्हणण्याचा मोह होतो आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नाही. कारण राज्य एक होऊनही त्याच्या हद्दीत मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ असे तीन रणजी संघ राहिले, व त्यांपैकी तिसरा पश्चिम विभागात न जाता राजस्थान, उत्तर प्रदेश आणि मध्य प्रदेश यांच्या पंगतीला बसला. त्याच १९५७-५८ च्या हंगामात विभागांतर्गत सामने बाद पद्धतीऐवजी साखळी पद्धतीने होऊ लागले. नवशिक्या संघाला याचा उपकार फार मोठा, कारण एका पराभवानिशी घरी परतण्याऐवजी त्याला विभागातील प्रत्येक शेजाऱ्याशी दरवर्षी गाठ घेता आली.

गाठ घेता आली, पण ती जिंकता आली नाही. त्या काळचा मध्य विभाग म्हणजे प्रामुख्याने राजस्थान. उदयपूरचे महाराणा भगवतसिंह यांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या त्या संघात विनू मंकड, विजय मांजरेकर, सलीम दुराणी, हनुमंतसिंह अशी माणसे खेळली. १९६०-६१ ते १९७३-७४ या काळात तो आठ वेळा अंतिम फेरीत गेला आणि आठही वेळा हरला, त्यांतील सात वेळा मुंबईकडून. मध्य विभागाचा विजेता मुंबईच्या हातून मार खातो, आणि विदर्भ त्या विजेत्याच्या हातून, अशी ही उतरंड होती. १९७०-७१ पासून प्रत्येक विभागातील पहिले दोन व १९९२-९३ पासून पहिले तीन संघ बाद फेरीत घेतले जाऊ लागले, तरी विदर्भाची अवस्था पालटली असे म्हणता येत नाही. नागपुरात १९६९ च्या ऑक्टोबरात न्यूझीलंडविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला, मैदान होते, प्रेक्षक होते. प्रशांत वैद्य १९९५ मध्ये भारतासाठी एकदिवसीय सामने खेळला. परंतु विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू होण्याचा मान, खाणकामगाराचा मुलगा असलेल्या उमेश यादवला, २०११ मध्ये मिळाला.

या दीर्घ दारिद्र्याचे कारण काय? गुणवत्ता कमी होती, हे उत्तर प्रस्तुत लेखकाला पटत नाही. खामगावच्या बाजारात कापसाच्या राशी लागत. तो कापूस मुंबईच्या गिरण्यांत जाई. आणि मुंबईच्या गिरण्या, कंपन्या व पेढ्या आपापले क्रिकेट संघ बाळगून टाइम्स शील्डसारख्या कचेऱ्यांच्या स्पर्धेत उतरत व खेळाडूला पगारी नोकरी देत. वऱ्हाडात कापूस होता, जिनिंग होते, प्रेसिंग होते; खेळाडूला महिन्याचा पगार देईल अशी पेढी नव्हती. शिवाय दर वर्षी जयपूर, कानपूर, इंदूरचे रेल्वेप्रवास, आणि घरी परत येऊन पुन्हा नोकरीची विवंचना. मुंबई विभागाच्या बाहेर राहूनही मुंबईच होती, कारण खेळावयाचे तर तेथे जावे, हा सल्ला कोणीही सहज देत असे.

अशा विभागवाऱ्यांचा गोंधळ आपल्याच देशात आहे असे समजण्याचे कारण नाही. उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीची नॅशनल हॉकी लीग १९७४ मध्ये पॅट्रिक, ॲडम्स, नॉरिस व स्माइथ अशा व्यक्तिनामांच्या चार विभागांत वाटली गेली. १९९३ मध्ये ती नावे टाकून भूगोलाची नावे घेण्यात आली व नॉरिस विभाग तेथेही ‘सेंट्रल’ झाला. पण भूगोलही पाळला गेला असे नाही : २०११ मध्ये अटलांटाचा संघ उचलून कॅनडाच्या बर्फाळ विनिपेग शहरी नेण्यात आला, आणि वेळापत्रकाच्या सोयीसाठी तो दोन हंगाम आग्नेय विभागातच, फ्लोरिडाच्या संघांबरोबर, खेळत राहिला; २०१३ च्या फेरवाटणीने तो दोष दूर झाला. तेथे संघ मालकीचा माल असल्याने दिशा पटकन बदलता येते. आमच्याकडे संघ प्रांताचा, आणि प्रांताची हद्द बदलली तरी संघाची बदलत नाही.

आमच्या विभागवारीला खरा धक्का बसला तो २००२-०३ मध्ये, जेव्हा रणजीतील विभाग मोडून ‘एलिट’ व ‘प्लेट’ असे गुणवत्तेचे गट करण्यात आले. दुलीप करंडकात, जो १९६१-६२ पासून विभागांचाच म्हणून चालत आला होता, मध्य विभाग त्या एका हंगामापुरताच वगळला गेला व पुढच्या हंगामात परतला. रणजीत मात्र विदर्भाला शेजारी न राहता श्रेणी राहिली, व ती बहुधा खालची. या अवमानातच सुधारणेचे बीज होते, असे माझे मत आहे. मुंबईकडे पाहत बसण्याऐवजी नागपूरच्या संघटनेने खेळाडू घरीच घडवण्याची व्यवस्था उभारली. २००८ पासून नागपूरशेजारच्या जामठ्याचे नवे मैदान कसोटीसाठी खुले झाले. आणि मुंबईचे चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून, वसीम जाफर फलंदाज म्हणून येथे आले. उलटा प्रवास सुरू झाला होता.

फळ आले ते २०१७-१८ मध्ये, पहिल्या सामन्यानंतर साठ वर्षांनी. कोलकात्यात उपांत्य सामन्यात कर्नाटकाला अवघ्या पाच धावांनी हरवताना रजनीश गुरबाणीने बारा बळी घेतले. अंतिम सामन्यात दिल्लीच्या पहिल्या डावात त्याच गोलंदाजाने सलग तीन चेंडूंवर तीन बळी मिळवून संघाला वर आणले. अक्षय वाडकरने पहिले प्रथम श्रेणी शतक ठोकून १३३ धावा केल्या. व १ जानेवारी २०१८ रोजी फैज फजलच्या नेतृत्वाखालील संघ नऊ गडी राखून विजयी झाला. हा सामना झाला कोठे? इंदुरात, होळकर नावाच्या मैदानावर. पुढच्या हंगामात जामठ्यावर सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून विदर्भाने करंडक राखला आणि आदित्य सरवटेने त्या सामन्यात अकरा बळी घेतले. २०२३-२४ मध्ये मुंबईने वानखेडेवर १६९ धावांनी हरवले. पण २०२४-२५ मध्ये केरळविरुद्धच्या अनिर्णित सामन्यात पहिल्या डावातील ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक आला. त्या हंगामात हर्ष दुबेने ६९ बळी घेऊन रणजीतील एका हंगामाचा विक्रम केला. आणि गंमत अशी, की केरळकडून खेळताना विदर्भाला त्रास देणाऱ्यांत तोच सरवटे होता, ७९ धावा करणारा.

या यशाच्या मधोमध एक संकट येऊन गेले, ते विसरता कामा नये. १८ जुलै २०१६ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ‘एक राज्य, एक मत’ हे तत्त्व मान्य केले; ते तसेच अमलात आले असते तर मुंबई, महाराष्ट्र व विदर्भ यांना एकाच मताची वाटणी करावी लागली असती. ९ ऑगस्ट २०१८ च्या निकालाने तिघांनाही पूर्ण सदस्यत्व राहिले. मधल्या काळात विदर्भाने करंडक जिंकला होता, ही गोष्ट न्यायालयाच्या विचारात आली असो वा नसो, लोकांच्या मनात ती होती.

आता दुलीप करंडकाचे. २०२४ मध्ये विभाग टाकून ‘अ, ब, क, ड’ असे संघ खेळवल्यानंतर मंडळ पुन्हा विभागांकडे वळले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये बंगळुरात मध्य विभागाने अकरा वर्षांनंतर दक्षिण विभागाला हरवून तो जिंकला. कर्णधार मध्य प्रदेशचा रजत पाटीदार, शंभराच्या वर धावा करणारा. १९४ धावा विदर्भाच्या यश राठोडच्या. बळींचे मोठे काम मध्य प्रदेशच्या सारांश जैन व कुमार कार्तिकेय यांचे. जुन्या मध्य प्रांत व वऱ्हाडाची ती राजकीय जोडी १९५६ मध्ये मोडली, मैदानावर मात्र ती अशी नांदते आहे. म्हणून बुलढाण्याने पश्चिम विभागात जाण्याची वाट पाहावी, असे मला मुळीच वाटत नाही.

मागणे दुसरे आहे. सिव्हिल लाइन्सचे मैदान नागपुरात आणि जामठाही नागपुराशेजारी. मलकापूरहून ते तीनशेहून अधिक किलोमीटर. खानदेश किंवा जालना ज्या खेळाडूला जवळचे आहेत, त्याला सरहद्दीने नागपूरशी बांधले असेल, तर नागपूरने त्याच्यापर्यंत यावे, हा न्याय आहे. घाटाखाली खामगाव वा मलकापूर येथे एक आणि घाटावर चिखली वा मेहकर येथे एक, अशा दोन गवती खेळपट्ट्या, दर उन्हाळ्यात निवड चाचणी, व तालुक्याच्या शाळांपर्यंत जाणारा एक वर्षभराचा प्रशिक्षक, इतके संघटनेने या जिल्ह्यासाठी करावे. आणि येथील पालकांनी, शिक्षकांनी व जिल्हा परिषदेच्या सभासदांनी ते पत्राने, ठरावाने आणि गरज पडल्यास नागपूरला जाऊन मागावे.