जनरल मोटर्स आणि तिचे गाडीमालक

१६ सप्टेंबर १९०८ रोजी न्यू जर्सी राज्यात जनरल मोटर्स कंपनीची नोंदणी झाली, तेव्हा तिच्या नावावर एकही कारखाना नव्हता. संस्थापक विल्यम क्रेपो ड्युरंट हा मिशिगनमधल्या फ्लिंट गावचा घोडागाड्यांचा बडा कारखानदार. १९०४ मध्ये डबघाईला आलेली ब्यूक मोटार कंपनी त्याच्या ताब्यात आली आणि चार वर्षांत त्याने तिला अमेरिकेतील आघाडीच्या उत्पादकांत नेऊन बसवले. त्या जोरावर त्याने जनरल मोटर्सच्या झेंड्याखाली ब्यूकसह ओल्ड्समोबिल, कॅडिलॅक, ओकलँड अशा कंपन्या झपाट्याने गोळा केल्या. खरेदीचा हा सपाटा कर्जावर चालला होता. १९१० मध्ये बँकांनी त्याला कारभारातून दूर केले. तो स्वस्थ बसला नाही. लुई शेव्रोले या स्विस वंशाच्या शर्यतपटूच्या नावाने १९११ मध्ये त्याने नवी कंपनी काढली आणि तिच्या समभागांच्या बळावर १९१६ मध्ये जनरल मोटर्स पुन्हा हाती घेतली. १९२० च्या मंदीने त्याला कायमचे बाहेर काढले.

ड्युरंटने जमवलेल्या पसाऱ्याला शिस्त लावली ती आल्फ्रेड स्लोन यांनी. ते १९२३ मध्ये अध्यक्ष झाले. त्या काळी अमेरिकेत दर दोन नव्या गाड्यांपैकी जवळपास एक हेन्री फोर्ड यांची मॉडेल टी असे. ती स्वस्त, काटक आणि एकाच साच्याची होती. किमतीच्या शर्यतीत फोर्डला गाठता येणार नाही, हे स्लोन यांनी ओळखले आणि आपल्या गाड्यांची उतरंड लावली. तळाशी शेव्रोले, मग ओकलँड आणि पुढे तिच्या जागी आलेली पाँटिअॅक, त्यावर ओल्ड्समोबिल आणि ब्यूक, शिखरावर कॅडिलॅक. मिळकत वाढली की माणसाने एक पायरी वर चढावे, पण कंपनी बदलू नये, अशी ही रचना होती. गाडी हप्त्यांवर देण्यासाठी कंपनीने १९१९ मध्येच स्वतःची पतपुरवठा संस्था काढली होती. जुनी गाडी देऊन नवी घेण्याची सोय विक्रेत्यांकडे होती, आणि दरवर्षी नवे रूप आणण्याची प्रथाही रुळत गेली. १९२७ मध्ये हार्ले अर्ल यांच्या हाताखाली गाड्यांच्या देखणेपणासाठी वेगळा विभाग सुरू झाला. पहिल्या गाडीच्या खरेदीपेक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या खरेदीवर स्लोन यांची नजर होती. म्हणून आधीच्या गाडीबद्दल मालक काय बोलतो, याला या कंपनीत सुरुवातीपासून पैशांचे मोल होते.

ते मोल किती, हे १९२३ मध्येच कळले. चार्ल्स केटरिंग हे कंपनीचे सर्वांत प्रतिभावान संशोधक. कॅडिलॅकमध्ये १९१२ साली आलेला विजेचा स्टार्टर ही त्यांचीच देणगी; हँडल फिरवून इंजिन चालू करण्याच्या कष्टांतून आणि मोडलेल्या मनगटांतून त्यांनी चालकांना सोडवले. पाण्याऐवजी तांब्याच्या पात्यांवरून खेळणाऱ्या हवेने थंड होणारे इंजिनही त्यांनी शेव्रोलेसाठी तयार केले. ते पुरेसे पारखण्याआधीच बाजारात आले, उन्हाळ्यात तापू लागले आणि त्याची ताकद घटू लागली. एकूण ७५९ गाड्या बनल्या होत्या. त्यांतल्या जेमतेम शंभर ग्राहकांपर्यंत पोचल्या होत्या. कंपनीने त्या सगळ्या परत मागवल्या. पुढच्याच वर्षी मिशिगनमध्ये मिलफर्ड येथे कंपनीचे स्वतःचे चाचणी मैदान उभे राहिले.

मालकांची मते जमवण्याचे काम १९३० च्या दशकात हेन्री ग्रेडी वीव्हर यांच्याकडे होते. त्यांच्या ग्राहक संशोधन विभागाकडून देशभरच्या गाडीमालकांना सचित्र प्रश्नपत्रिका टपालाने जात. दिसणे, आराम, इंधनाचा खर्च, सुरक्षितता, भरवसा यांतले काय आधी आणि काय नंतर, हे मालकाने खुणा करून कळवायचे. प्रश्नपत्रिका रुक्ष अर्जासारखी दिसू नये, उत्तर देणाऱ्याला आपला सल्ला घेतला जात आहे असे वाटावे, यावर वीव्हर यांचा कटाक्ष होता. हे काम इतके गाजले की नोव्हेंबर १९३८ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर वीव्हर झळकले. कारखान्यातल्या माणसांचे म्हणणे मात्र व्यवस्थापनाने इतक्या आस्थेने कधी विचारले नव्हते. डिसेंबर १९३६ अखेर फ्लिंटच्या कामगारांनी कारखान्यात ठिय्या दिला आणि कडाक्याच्या थंडीत ४४ दिवस तो सोडला नाही. ११ फेब्रुवारी १९३७ रोजी कंपनीला त्यांच्या युनियनशी करार करावा लागला.

याच काळात कंपनी मुंबईत आली. १९२८ मध्ये शिवडीला तिचा जुळणी कारखाना सुरू झाला. हिंदुस्थानातील मोटारजुळणीची ती पहिली मोठी सुरुवात. समुद्रमार्गे आलेले सुटे भाग जोडून तिथे शेव्रोले मोटारी, ट्रक आणि बसगाड्यांच्या चॅसिस तयार होत. जनरल मोटर्सच्या जाहिराती करण्यासाठीच जे. वॉल्टर थॉम्पसन ही अमेरिकी जाहिरातसंस्था १९२९ मध्ये मुंबईत आली, म्हणजे इथल्या जाहिरात व्यवसायाच्या इतिहासातही या कंपनीचा वाटा आहे. स्वातंत्र्यानंतर सरकारचे धोरण बदलले. गाडी टप्प्याटप्प्याने देशातच बनवण्याची तयारी असेल, त्यालाच इथे थारा मिळणार होता. जनरल मोटर्सने ती तयारी दाखवली नाही आणि १९५४ मध्ये शिवडीचे काम थांबले.

अमेरिकेत तो काळ कंपनीच्या भरभराटीचा होता. १९५५ मध्ये एका वर्षात १०० कोटी डॉलरहून अधिक नफा मिळवणारी ती पहिली अमेरिकी कंपनी ठरली. त्याच वर्षीच्या शेव्रोलेत नवे आठ सिलिंडरचे इंजिन बसले. हलके, आटोपशीर आणि कुठल्याही साध्या गॅरेजमध्ये उघडता येईल असे हे इंजिन मालकांच्या विलक्षण प्रेमाला पात्र ठरले आणि त्या घराण्यातली इंजिने पुढे अनेक दशके बनत राहिली. १९५५ ते १९५७ या तीन वर्षांच्या शेव्रोले आजही हौशी मालक जिवापाड जपतात. क्यूबाच्या रस्त्यांवर तर त्या गाड्या नाइलाजाने टिकल्या. १९६० नंतर अमेरिकेने व्यापार तोडला, सुटे भाग येईनात, तेव्हा हवानाच्या मेकॅनिकांनी त्यांत मिळतील ती डिझेल इंजिने बसवली, भाग हाताने घडवले आणि शेव्रोलेच्या बेल एअर गाड्या टॅक्सी म्हणून चालत्या ठेवल्या. गाडी दुरुस्त करायला सोपी असणे हा मालकाच्या दृष्टीने केवढा मोठा गुण आहे, याचा याहून भक्कम पुरावा नाही.

याच सुबत्तेच्या काळात मालकाचा आवाज वरपर्यंत पोचेनासा झाला. १९५९ च्या अखेरीस आलेली कॉर्व्हेअर ही धाडसी गाडी होती. इंजिन मागे, तेही हवेने थंड होणारे, आणि मागच्या चाकांची जोडणी अशी की जोरदार वळणावर चाक आत दुमडून गाडीचा तोल जाण्याचा धोका राही. यावरचा कंपनीचा उपाय टायरांच्या हवेत होता: पुढे १५ पौंड, मागे २६. पेट्रोल पंपावर चारही चाकांत सारखी हवा भरून घेणाऱ्या सामान्य मालकाला या फरकाचे महत्त्व कुणी ठासून सांगितले नव्हते. राल्फ नेडर या तरुण वकिलाने नोव्हेंबर १९६५ मध्ये ‘अनसेफ अॅट एनी स्पीड’ या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण कॉर्व्हेअरवर लिहिले. कंपनीने त्याच्यामागे खासगी गुप्तहेर लावले. ते उघडकीस आल्यावर मार्च १९६६ मध्ये अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या उपसमितीपुढे माफी मागावी लागली, आणि त्याच वर्षी वाहन सुरक्षेचा राष्ट्रीय कायदा झाला. कॉर्व्हेअरला न्यायही द्यायला हवा: १९७२ च्या सरकारी अहवालात ती समकालीन गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नसल्याचा निष्कर्ष निघाला, आणि तिच्या चाहत्यांचा क्लब तिचे उत्पादन बंद झाल्यावरही चालू राहिला.

सत्तरच्या दशकातल्या तक्रारींना अशी दुसरी बाजू फारशी नव्हती. व्हेगा या छोट्या गाडीचे अॅल्युमिनियमचे इंजिन तापून तेल पिऊ लागे आणि पत्रा लवकर गंजे. १९७७ मध्ये ओल्ड्समोबिल घेणाऱ्यांना कळले की बॉनेटखाली शेव्रोलेचे इंजिन आहे. तांत्रिकदृष्ट्या त्यात वाईट काही नव्हते. पण वरच्या पायरीचे पैसे मोजून खालच्या पायरीचा माल मिळाला, ही भावना खरी होती आणि स्लोन यांच्या उतरंडीच्या मुळावरच ती घाव घालत होती. प्रकरण कोर्टात गेले आणि मालकांना भरपाई द्यावी लागली. ओल्ड्समोबिलचे १९७८ चे डिझेल इंजिन याहून महागात पडले. पेट्रोल इंजिनाच्या आराखड्यावर बेतलेल्या त्या इंजिनाचे हेड घट्ट धरणारे बोल्ट डिझेलचा दाब सोसण्याइतके सक्षम नव्हते, आणि डिझेलमधले पाणी वेगळे काढणारा भागही दिलेला नव्हता. हेड गॅस्केट उडणे नित्याचे झाले. पुन्हापुन्हा बिघडणारी नवी गाडी कंपनीने परत घ्यावी किंवा बदलून द्यावी, असा कायदा १९८२ मध्ये कनेटिकटने प्रथम केला आणि इतर राज्यांनी तो उचलला. त्यामागच्या असंतोषात या डिझेल इंजिनाचा मोठा हिस्सा होता. तोवर जपानी गाड्या दारात येऊन उभ्या होत्या, आणि ‘कन्झ्यूमर रिपोर्ट्स’ मासिकाच्या वाचकांनी भरलेल्या वार्षिक प्रश्नपत्रिकांतून दोहोंतला फरक घरोघर पोचत होता.

कंपनीने दिलेले उत्तर होते सॅटर्न. टेनेसीतील स्प्रिंग हिल येथे नवा कारखाना, कामगारांशी वेगळा करार, आणि विक्रीत घासाघीस नाही, सर्वांना एकच भाव. १९९० मध्ये पहिली गाडी बाहेर पडली. पुढच्याच वर्षी एका पुरवठादाराचे सदोष कूलंट १,८३६ गाड्यांत भरले गेल्याचे आढळले, तेव्हा कंपनीने दुरुस्तीचा विचारही केला नाही. त्या सगळ्या गाड्यांच्या बदल्यात मालकांना नव्या दिल्या. जून १९९४ मध्ये कारखान्याच्या आवारात मालकांचा मेळावा भरला, तर गाव-राज्ये ओलांडून चाळीस हजारांहून अधिक माणसे आपल्या गाड्यांसह आली. ही साधीसुधी, फारशी वेगवान नसलेली, थोडी खडखडणारी गाडी होती. मालक तिच्यावर प्रेम करत होते ते मिळालेल्या वागणुकीमुळे, आणि जनरल मोटर्सच्या इतिहासातला हा सर्वांत मोलाचा धडा म्हणावा लागेल. कंपनीने नवी मॉडेल्स देण्यात वर्षानुवर्षे हात आखडता घेतला आणि सॅटर्न कोमेजली.

इव्ही वन या विजेच्या गाडीचेही असेच झाले. १९९६ पासून कॅलिफोर्निया आणि अॅरिझोनात ती फक्त भाड्याने मिळे. हजाराहून थोड्या अधिक गाड्या बनल्या. करार संपल्यावर कंपनीने त्या परत घेतल्या. विकत घ्यायला तयार असलेल्या चालकांनाही नकार मिळाला. २००५ मध्ये बरबँक येथे उरलेल्या गाड्यांसमोर चालकांनी पहारा दिला. तरी बहुतेक गाड्या मोडीत गेल्या.

निवृत्तिवेतन आणि आरोग्यखर्चाचा बोजा, मोठ्या गाड्यांवरची भिस्त आणि २००८ ची आर्थिक मंदी यांच्या माऱ्यात १ जून २००९ रोजी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. २००७ पर्यंत सलग ७७ वर्षे ती विक्रीत जगात पहिली होती. सरकारने सुमारे ५,००० कोटी डॉलर ओतून तिची पुनर्रचना केली. ओल्ड्समोबिल २००४ मध्येच बंद झाली होती. आता पाँटिअॅक, सॅटर्न आणि हमरही गेल्या.

पण जुने दुखणे नव्या कंपनीत आले होते. शेव्रोले कोबाल्ट, सॅटर्न आयन आणि त्यांच्या भावंडांच्या इग्निशन स्विचमध्ये एक छोटी दट्ट्या-स्प्रिंगची जोडी किल्लीला ‘चालू’ स्थितीत अडवून धरते. ती प्रमाणापेक्षा कमजोर होती. किल्लीच्या जुडग्याचे ओझे, गुडघ्याचा धक्का किंवा खड्ड्याचा हादरा एवढ्यानेही किल्ली मागे सरके. मग इंजिन बंद पडे, स्टिअरिंग जड होई, आणि आदळल्यावर एअरबॅग उघडत नसे. धावती गाडी बंद पडते, ही तक्रार मालक २००४-०५ पासून करत होते. कंपनीतल्या इंजिनिअरांनी तिची नोंद ग्राहकाची गैरसोय अशी केली, सुरक्षेचा प्रश्न अशी केली नाही, आणि या एका नोंदीने पुढची दहा वर्षे वाया गेली. जुडग्यातल्या जड वस्तू काढायला सांगा, अशी सूचना विक्रेत्यांना गेली. २००६ मध्ये स्विच गुपचूप सुधारला, पण त्याचा भाग क्रमांक तोच ठेवला. त्यामुळे जुन्या आणि नव्या गाड्यांतला फरक तपास करणाऱ्यांना कळेना. जॉर्जियातील एका अपघाती मृत्यूच्या दाव्यात वकिलाने नेमलेल्या इंजिनिअरने दोन स्विच शेजारी ठेवून उघडले, तेव्हा तो फरक डोळ्यांना दिसला. २०१४ मध्ये सुमारे २६ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. २०१४ च्याच जानेवारीत सूत्रे हाती घेतलेल्या मेरी बारा यांना अमेरिकी संसदेपुढे उत्तरे द्यावी लागली.

भारतात कंपनी १९९० च्या दशकात पुन्हा आली, आधी गुजरातेत हलोल येथे ओपेल गाड्या घेऊन आणि २००३ पासून शेव्रोले नावाने. सप्टेंबर २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला तिचा दुसरा कारखाना सुरू झाला. महाराष्ट्रात शेव्रोलेची ओळख टवेराने घडवली. लग्नाचे वऱ्हाड, अष्टविनायकाची यात्रा, रुग्णवाहिका, कंपन्यांची ने-आण या सगळ्याला ती पुरून उरली. ऐसपैस, लांबच्या पल्ल्याला न थकणारी, असे तिच्याबद्दल चालक सांगत. क्रूझच्या डिझेल इंजिनाच्या ओढीचे कौतुक होई. बीट डिझेलचे अॅव्हरेज मालकांना आवडे. गाऱ्हाणे असे ते सुट्या भागांच्या किमतीचे आणि शहराबाहेर विरळ होत जाणाऱ्या सर्व्हिस सेंटरचे. जुलै २०१३ मध्ये १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावण्याची वेळ आली, कारण धुराच्या चाचणीत कर्मचाऱ्यांनीच फेरफार केल्याचे कंपनीच्या तपासात निघाले होते.

मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री वर्षअखेर थांबवण्याचे जाहीर केले. सुटे भाग आणि सर्व्हिस देत राहण्याचे आश्वासन तिने दिले, तरी जुन्या बाजारात शेव्रोलेचे भाव कोसळले आणि हप्ते फिटायचे असलेल्या मालकांच्या पदरी तो तोटा पडला. हलोलचा कारखाना चीनच्या सैक कंपनीकडे गेला आणि तिथे एमजी गाड्या बनू लागल्या. तळेगावहून निर्यातीपुरते उत्पादन डिसेंबर २०२० पर्यंत चालले. ग्रेट वॉल या चिनी कंपनीशी ठरलेला व्यवहार फिसकटला, कामगारांच्या हक्कांचा वाद न्यायालयात गेला, आणि अखेर जानेवारी २०२४ मध्ये तो कारखाना ह्युंदाईच्या ताब्यात आला.