कृत्रिम स्नायू आणि भाराचा प्रश्न

‘कृत्रिम स्नायू’ ही संज्ञा रचनावाचक नसून कार्यवाचक आहे. चेतना मिळताच जी रचना स्वतः आखूड होऊन ओढ निर्माण करते, तिला ही संज्ञा लावतात. मग ती रबराची असो वा नायलॉनची. दुर्बळ झालेल्या हातापायांवर चढवावयाच्या साहाय्यक साधनांत मोटारीऐवजी असे स्नायू योजावेत, हा विचार नवा नाही. मोटार व दातेरी चक्रे यांचे वजन आणि ताठरपणा शरीराला जाचतो, हे त्यामागील कारण होय. तथापि स्नायू हलका झाला म्हणजे साधन हलके झाले, असे मात्र नाही.

अमेरिकेतील लॉस अलामॉस येथील पदार्थवैज्ञानिक जोसेफ मॅककिबेन यांच्या मुलीला १९५२ साली पोलिओने पक्षाघात झाला. तिच्या बोटांना पकड यावी म्हणून त्यांनी १९५०च्या दशकात वायुचलित स्नायू सिद्ध केला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. त्याची रचना साधी आहे. रबरी नळीवर न ताणणाऱ्या धाग्यांची तिरकस विणीची जाळी चढवितात आणि नळीत दाबाखालील वायू सोडतात. नळी फुगते, परंतु धाग्यांची लांबी बदलत नसल्यामुळे जाळी रुंदावते तेव्हा तिला आखूड व्हावेच लागते. धागा नळीच्या अक्षाशी सुमारे ५४.७ अंशांचा कोन करू लागला की नळीचे आकारमान कमाल होते आणि आकुंचन थांबते. प्रत्यक्षात असा स्नायू आपल्या लांबीच्या साधारण चतुर्थांशाइतका आखडतो. तो केवळ ओढू शकतो, ढकलू शकत नाही; म्हणून सांधा दोन्ही दिशांना हलविण्यासाठी दंडातील स्नायूंप्रमाणे परस्परविरोधी जोडी लागते, किंवा परतीसाठी स्प्रिंग लागते.

येथे शब्दार्थाकडेही लक्ष वेधावेसे वाटते. सुश्रुतसंहितेत ‘पेशी’ आणि ‘स्नायु’ भिन्न मानले असून स्नायूंचे कार्य सांधे बांधून ठेवण्याचे आहे. मराठीत मात्र ‘स्नायू’ हा शब्द पेशीच्या अर्थाने रूढ झाला. मॅककिबेन यांच्या रचनेत फुगणारी नळी एकटी ओढ देऊ शकत नाही. ती देतात बांधणारे धागे. म्हणजे जुना व नवा असे दोन्ही अर्थ येथे एकत्र आले आहेत.

आता भाराचा विचार करू. हा स्नायू स्वतः अगदी हलका असतो; परंतु त्याला लागणारा वायू टाकीतून अथवा पंपातून यावा लागतो. मॅककिबेन यांनी कर्बद्विप्राणिल वायू वापरला. रुग्ण चाकांच्या खुर्चीत असेल तर टाकी खुर्चीवर ठेवता येते. चालणाऱ्याला मात्र ती अंगावर वाहावी लागते. पुढील शोधांतही हीच अडचण रूप पालटून येते. २०१४ साली टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस शाखेतील संशोधकांनी मासेमारीच्या नायलॉन दोरीला पीळ देऊन स्नायू बनविले. तितक्याच लांबीच्या व वजनाच्या मानवी स्नायूच्या शंभरपटीहून अधिक भार ते उचलतात. पण ते उष्णतेवर चालतात. दिलेल्या ऊर्जेचा अत्यल्प अंश कामी येतो आणि पुन्हा सैल होण्यासाठी त्यांना थंड व्हावे लागते. २०१८ साली कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर येथील संशोधकांनी द्रवाने भरलेल्या लवचीक पिशव्यांचे जलद स्नायू सादर केले. त्यांना काही हजार व्होल्टचा विद्युद्दाब लागतो.

म्हणून तुलना करावयाची ती एकट्या स्नायूची नव्हे, तर ऊर्जास्रोत, नियंत्रक आणि पट्टे यांसह संपूर्ण साधनाची. हार्वर्ड विद्यापीठात २०१९ साली अशी कसोटी घेण्यात आली. सुमारे ५ किलोग्रॅमच्या मऊ पोशाखाने निरोगी व्यक्तींचा चालण्याचा चयापचय-खर्च, पोशाखाविना चालण्याच्या तुलनेत, ९.३ टक्क्यांनी घटला. त्यात कृत्रिम स्नायू नव्हते. मोटारी व तारा होत्या. परंतु वजनाचा मोठा भाग कंबरेवर होता, आणि पावलावर वाहिलेले वजन कंबरेवरील वजनापेक्षा पुष्कळ महाग पडते.

निसर्गाने स्नायूला रक्ताभिसरणाची जोड दिली आहे. त्याचे अन्न शरीरभर वाटलेले असते. कृत्रिम स्नायूला तशी जोड मिळेपर्यंत त्याच्या हलकेपणाची किंमत साधनाचा दुसरा एखादा भाग मोजीत राहील. निरोगी मनुष्य तो जादा भार सोसू शकेल. ज्याचे स्वतःचे स्नायू क्षीण झाले आहेत त्याला तो सोसणार नाही, आणि साधन तर त्याच्यासाठीच आहे.