माग बदलताना

या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही मजुरीच्या दरावर नाही तर विजेच्या दरावर बोलणार, अशी त्यांची समजूत झाली असावी. ती स्वाभाविकच आहे. आमचे आयुष्य भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात गेले. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते संघटनेच्या कचेरीत, जुन्या करारांच्या फायली वाचता वाचता. असे असूनही आज आम्ही बोलणार आहोत ते संगणकावर प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या एका हत्याराविषयी. ते हत्यार बदलताना माणसाचे काय होते, हा आजचा विषय.

याचे कारण असे. आमच्या कचेरीत संध्याकाळी काही मुलेमुली जमतात. त्यांचे आईबाप मागावर, नाही तर कांड्या भरण्यावर. या मुलांनी विणकराचे मीटर आणि दर घातले की मजुरीचा हिशेब मांडणारा एक लहानसा प्रोग्राम तयार केला. त्यांतल्या एका मुलीला पुढे एका संगणक कचेरीत नोकरी लागली. पहिल्याच दिवशी तिला सांगण्यात आले, ‘तुझा एडिटर येथे चालणार नाही, आमचा वापर.’ पंधरा दिवसांनी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, “काका, मला काम येतच नव्हते की काय, असे वाटू लागले आहे. साधी ओळ पुसायची तरी हात अडखळतो. आणि साहेब म्हणतात, तू फार हळू आहेस.”

हे ऐकून आम्हांला आमचे विणकर आठवले. म्हणून या प्रश्नाचा आम्ही थोडा अभ्यास केला, तो आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एडिटर म्हणजे काय ते पाहू. मराठीत संपादक म्हटले की वर्तमानपत्राचा संपादक डोळ्यांपुढे येतो. तो येथे अभिप्रेत नाही. प्रोग्राम म्हणजे शेवटी अक्षरांत लिहिलेला मजकूर. पत्रात आपण अक्षर जाड करतो, मथळा रंगवतो. प्रोग्रामला त्यातले काही लागत नाही. त्याला साधी अक्षरे हवीत आणि ती अचूक हवीत. ही अक्षरे लिहिण्याचे, शोधण्याचे, हलवण्याचे आणि पुसण्याचे साधन म्हणजे एडिटर. प्रोग्राम हे कापड, तर एडिटर हा माग.

या मागांनाही इतिहास आहे. १९६९ च्या सुमारास अमेरिकेत केन थॉम्प्सन यांनी ‘एड’ नावाचा एडिटर लिहिला. त्या काळी बहुतेकांपुढे पडदा नसे. टंकयंत्रासारखे यंत्र कागदावर ओळ छापी. म्हणून ‘एड’मध्ये एका वेळी एकेका ओळीचा विचार करावा लागे, आणि चूक झाली तर तो केवळ एक प्रश्नचिन्ह दाखवी. पडदे आल्यावर १९७६ साली बिल जॉय यांनी ‘व्हीआय’ रचला. त्यांच्या यंत्रावर बाणांच्या वेगळ्या कळा नव्हत्या. एच, जे, के, एल या चार अक्षरांवरच बाण छापलेले होते. त्या यंत्राला पन्नास वर्षे होत आली, तरी हजारो माणसांची बोटे आजही त्याच चार कळांवरून फिरतात. यंत्र गेले, पण त्याने लावलेले वळण राहिले!

पुढे १९९१ साली ब्राम मूलेनार या डच गृहस्थांनी ‘व्हीआय’चा सुधारलेला अवतार, ‘व्हिम’, लोकांना खुला केला. तो फुकट दिला आणि सुचवले की जमल्यास युगांडातील गरजू मुलांना मदत करा. २०२३ साली ते वारले. त्यांचे काम इतरांनी पुढे चालू ठेवले आहे. व्हिममध्ये मुख्यतः दोन अवस्था असतात. एकीत कळ दाबली की अक्षर उमटते. दुसरीत तीच कळ हुकूम होते. ज्याला हे ठाऊक नाही त्याला आत शिरल्यावर बाहेर कसे पडावे तेच कळत नाही. प्रोग्राम लिहिणारे एकमेकांना शंका विचारतात अशा एका प्रसिद्ध ठिकाणी ‘व्हिममधून बाहेर कसे पडायचे’ हा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून अधिक वेळा पाहिला गेला होता. तेव्हा श्रोतेहो, शिकलेली माणसेही दाराशी अडखळतात.

२०१५ साली मायक्रोसॉफ्टने ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ आणला आणि पुष्कळ लोक तिकडे वळले. तो अर्धे लिहिलेले नाव पुरे करण्यास सुचवतो आणि प्रोग्राम चालवण्यापूर्वीच पुष्कळशा चुकांखाली रेघ ओढतो. ताण्याचा धागा तुटताच आपोआप थांबणारा माग ज्यांनी पाहिला आहे त्यांना या सोयीचे मोल निराळे सांगायला नको. साध्या मागावर नजर चुकली तर वाया गेलेले कापड पुढे बराच वेळ विणले जाते.

मग इतक्या सोयी असता बदल जड का जातो? साध्या मागावर वीस वर्षे काढलेला विणकर पाहा. धोट्यातली कांडी संपत आली हे त्याला पाहावे लागत नाही, आवाजावरून कळते. हात आपोआप दांड्याकडे जातो. त्याला रॅपिअर मागावर उभा करा. तेथे धोटा नाही, कांडी नाही. बाणा मोठ्या कोनावरून येतो आणि चिमट्यासारखा भाग तो धरून पलीकडे नेतो. विणकराचा हात सवयीने जेथे जातो तेथे आता काहीच नसते. त्या दिवशी तो नवशिक्यासारखा दिसतो. परंतु तो नवशिका आहे काय? ताणा सैल आहे की ओढलेला, फणीत धागा चुकला आहे की काय, कापडाचा पोत कोठे बिघडला, हे तो नव्या मागावरही ओळखतोच.

तात्पर्य, कारागिरीचे दोन भाग असतात. एक डोक्यातील ज्ञान, दुसरा हाताचे वळण. माग बदलला की ज्ञान आपल्याबरोबर येते. वळण मात्र पुन्हा लावावे लागते. आमच्या मुलीची चूक एवढीच की वळण मोडले ते पाहून ज्ञान गेले असे तिने मानले. साहेबांनीही तेच मानले, आणि ती चूक अधिक महागाची.

बदल करायचाच तर तो कसा करावा? आमच्या मुलांनी अनुभवाने काही गोष्टी ठरवल्या आहेत. बीम अर्धे असताना माग बदलू नये. हातातले काम पुरे करून मग नव्या एडिटरला हात घालावा. फाइल उघडणे, जतन करणे, शोधणे, बदलणे, उलटवणे, हव्या त्या ओळीवर जाणे, अशा आठदहा रोजच्या क्रिया आधी वहीत लिहून घोटाव्यात. शेकडो युक्त्या मागाहून. कित्येक नव्या एडिटरांत व्हिमच्या जुन्या कळा चालवण्याची सोय असते. ती घेण्यात कमीपणा नाही. आणि नवा एडिटर केवळ नवा म्हणून घेऊ नये. जुन्याने काम अडत नसेल तर जुना चालवणारा मागासलेला ठरत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कापड आपल्या मालकीचे राहिले पाहिजे. ‘अॅटम’ नावाचा एडिटर २०१४ साली आला आणि १५ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे काम बंद करण्यात आले. त्यात लिहिणाऱ्यांचे हात अडखळले असतील. परंतु त्यांचे प्रोग्राम साध्या मजकुरात होते, ते दुसऱ्या कोणत्याही एडिटरमध्ये उघडले. याउलट आमच्या संघटनेची जुनी पत्रके पाहा. ती एका विशिष्ट मराठी फाँटमध्ये टंकलेली होती. नव्या संगणकावर उघडली तर मागण्यांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गोंधळ! युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःचे स्थान आहे, पण आम्हांला त्याची जाण उशिरा आली. ती पत्रके आम्ही पुन्हा टंकली, आणि हा धडा पाठ केला.

आता शेवटचा आणि आमच्या मते मुख्य प्रश्न: शिकण्याच्या दिवसांचे नुकसान कोणी सोसायचे? १९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत, ही मालकांची योजना त्याच्या कारणांपैकी एक होती. तेव्हापासून ‘कामगार नव्या पद्धतीला विरोध करतो’ असे म्हणण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः कामगार विचारतो ते एवढेच, की फायदा कोणाचा आणि भार कोणावर? १९९९ साली केंद्र सरकारने कापड उद्योगासाठी तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना सुरू केली आणि नव्या यंत्रांच्या कर्जावरील व्याजाला आधार दिला. यंत्राला आधार मिळाला हे चांगलेच झाले. परंतु मीटरवर मजुरी घेणारा विणकर नवा माग शिकतो तेव्हा त्याचे मीटर कमी पडतात, आणि ते कमी पडलेले मीटर त्याच्याच घरच्या पिठाच्या डब्यातून जातात. संगणक कचेरीत मीटर मोजत नाहीत, पण ‘हळू’ हा शेरा तेच काम करतो.

आम्ही त्या मुलीला सल्ला दिला की साहेबांना शांतपणे सांग: हत्यार तुम्ही बदललेत, तेव्हा ते हाताला बसेपर्यंतचे दिवस माझ्या कामाच्या मापात धरू नका. तिने तीन आठवडे मागितले, एक मिळाला. पुढचे दिवस तिने रात्री घरी बसून भरून काढले. आज तिचा हात चालतो, आणि आमच्या कचेरीत ती नव्या मुलांना दोन्ही एडिटर दाखवते. तथापि त्या रात्री तिच्या पदरच्या गेल्या, हे आम्ही विसरलेलो नाही.

येथे कारखानदारही बसले आहेत आणि कारागीरही. नवे माग जरूर आणावेत. मात्र ज्या कराराने नवा माग येतो त्याच करारात एक ओळ असावी, की शिकण्याच्या पहिल्या महिन्यात विणकराला त्याच्या मागील सरासरीइतकी मजुरी मिळेल. ती ओळ लिहायला कोणताही एडिटर चालेल.