दारूतले दुसरे विष

मंडळी, दारू वाईट हे तुम्हांला नव्याने सांगायला नको. तिच्यापायी गावातले कोणते घर बसले, हे तुम्हीच मला सांगाल. आज बोलायचे आहे ते दारूच्या नावाने पोटात जाणाऱ्या दुसऱ्याच एका विषाविषयी.

गूळ आणि नवसागराचे रसायन आंबवून भट्टीवर चढवले की हातभट्टीची दारू उतरते. तिच्यातली नशा असते ती इथाइल अल्कोहोलची. त्याचाच एक भाऊबंद आहे, मिथाइल अल्कोहोल. त्यालाच मिथेनॉल म्हणतात. ते कारखान्यांत, रंग-वार्निशांच्या कामी लागते. दिसायला पाण्यासारखे, वासाला दारूसारखे, आणि स्वस्त! मग विकणारा भट्टीचे कष्ट कशाला घेईल? चोरून आणलेले मिथेनॉल तो पाण्यात मिसळतो आणि खपवतो. ‘मी वासावरून माल ओळखतो’ म्हणणारा जुना पिणाराही इथे फसतो.

मुंबईत, मालाडच्या मालवणीत, जून २०१५ मध्ये अशाच दारूने शंभरावर माणसे गेली. जुलै २०२२ मध्ये गुजरातेत बोटादकडे चाळीसच्या वर दगावली. आणि गुजरातेत तर दारूबंदी! जून २०२४ मध्ये तामिळनाडूत कल्लाकुरिचीला साठांहून अधिक. बहुतेक हातावर पोट असलेली माणसे.

आता हे विष काम कसे करते ते बघा. मिथेनॉल पोटात गेल्याबरोबर फारसे काही करीत नाही. आपले यकृत त्याचे फॉर्मिक आम्ल बनवते. मुंगीच्या डंखात असते, तेच हे आम्ल. ते रक्तात साठते आणि डोळ्यांच्या नसांवर घाव घालते. याला बारा तास लागतात, कधी पुरता दिवसही. माणूस रात्री पितो, झोपतो, आणि दुसऱ्या दिवशी पोटात कळ, ओकारी, डोकेदुखी सुरू होते. घरचे म्हणतात, ‘अजून उतरली नाही.’ लिंबूपाणी देतात, ताक देतात, निजवून ठेवतात. वेळ जातो तो इथेच. डोळ्यांपुढे धुके आल्यासारखे, पांढरे पांढरे दिसते असे तो म्हणाला, किंवा धापा टाकू लागला, तर क्षणभरही थांबू नका. १०८ क्रमांकाची गाडी बोलवा.

डॉक्टरांजवळ उतारा आहे. गंमत अशी की, खरे इथाइल अल्कोहोल हाच एक उतारा. त्याने यकृताचे ते काम अडते. दुसरे औषध फोमेपिझोल. शिवाय यंत्राने रक्त धुऊन विष काढता येते. पण म्हणून घरी आणखी दारू पाजू नका हो! ती त्याच कॅनमधली असायची.

पुष्कळ घरे पोलिसांच्या भीतीने गप्प बसतात. ‘काही खाण्यात आले असेल’ असे डॉक्टरांना सांगतात, आणि उपचार भलत्याच दिशेला जातात. काय प्याला, कधी प्याला, किती प्याला, ते खरे सांगा.

गुरुजी, हे वर्गातल्या मोठ्या मुलांनाही समजावून द्या. बापाला दिसेनासे झाले, हे पुष्कळदा पहिल्यांदा मुलालाच कळते. आणि एक माणूस आजारी पडला की त्याच अड्ड्यावर काल कोण कोण बसले होते ते विचारून काढा. आज ते धडधाकट दिसत असतील, तरी त्यांनाही त्याच गाडीने न्या.