‘शाब्बास’चं बळ येतं कुठून?

नाशिककडे निघालेली लांब पल्ल्याची गाडी कसारा स्टेशनात थांबली की डब्यातल्यांना एक हलका धक्का बसतो. मागून इंजिनं जोडली गेली, हे रोजच्या प्रवाशाला न बघता कळतं. रेल्वेची माणसं त्यांना ‘बँकर’ म्हणतात. पुढे थळ घाट, म्हणजेच कसारा घाट आहे आणि रुळांचा चढ आहे 1:37, म्हणजे 37 मीटर पुढे सरकावं तेव्हा 1 मीटर वर चढणार. भारतातल्या मोठ्या मार्गांवरच्या अतिशय खड्या चढांपैकी हा एक. पुढचं इंजिन ओढतं, मागची रेटतात, इगतपुरी आली की बँकर सुटतात आणि गाडी आपल्या वाटेनं जाते.

आता तोच डोंगर रस्त्यानं चढणाऱ्या सायकलस्वाराकडे बघा. पहाटे आटगाव सोडलं, मुंबई–नाशिक महामार्गानं खर्डी मागे टाकली, पंचवीसेक किलोमीटर पायडल मारून कसारा गाठलं. इथवर रस्ता चढउतारांचा होता, आता सलग चढ सुरू होतो. गिअर हलक्यात हलका झाला, मान खाली गेली, वेग चालणाऱ्या माणसाच्या जवळ आला. अशा वेळी शेजारून एक ट्रक रांगत पुढे सरकतो, क्लीनर खिडकीतून अर्धा बाहेर येतो, अंगठा दाखवतो आणि ओरडतो, “शाब्बास! चला चला, आलाच घाट!”

आणि पायडल हलकं होतं! लांबवर सायकल चालवलेल्या कुणालाही विचारा, हा अनुभव प्रत्येकाच्या गाठीला असतो. आटगावजवळ शाळेला निघालेली पोरं “बाय बाय” करत दहा पावलं सोबत धावली, टपरीवाल्यानं “कुठवर?” विचारलं आणि “नाशिक” ऐकून “सायकलवर? लई भारी!” म्हटलं की पुढचा किलोमीटर कसा गेला ते कळत नाही.

पण जरा थांबून विचार करा, हे घडतं कसं? बँकर इंजिन खरोखर ढकलतं. त्या क्लीनरनं तर सायकलला बोटही लावलं नाही. त्याच्या शब्दातून एक कॅलरीसुद्धा पायांत आली नाही. मग हे बळ आलं कुठून?

आधी हिशेब करू. घाट सायकलस्वाराकडे नेमकं किती मागतो? कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंतची चढाई साधारण 300 मीटर उंचीची. माणूस आणि सायकल मिळून 80 किलो धरू. एवढं वजन तेवढं वर न्यायला सुमारे 235 किलोज्यूल काम करावं लागतं, म्हणजे जेमतेम 56 किलोकॅलरी. आपले स्नायू खाल्लेल्या ऊर्जेचा चौथा-पाचवा हिस्साच कामात उतरवतात, बाकीची उष्णता होऊन जाते. तेव्हा शरीराचा खर्च झाला सव्वादोनशे-पावणेतीनशे किलोकॅलरी. एका वडापावात साधारण एवढीच ऊर्जा असते! अख्खा कसारा घाट एका वडापावावर चढता येतो, आणि सकाळी नाश्ता करून निघालेल्या माणसाच्या अंगात तर याच्या कितीतरी पट साठा असतो.

मग अर्ध्या घाटात पाय “आता बास” का म्हणतात?

दमलो म्हणजे स्नायूंतली शक्ती संपली, असं आपण धरून चालतो. हे खरंच तसं आहे का, हे सॅम्युएले मार्कोरा आणि वॉल्टर स्टायानो या दोन संशोधकांनी तपासलं. त्यांचा 2010 साली प्रसिद्ध झालेला प्रयोग विलक्षण साधा आहे. रग्बी खेळणारे धडधाकट तरुण जागच्या जागी चालणाऱ्या सायकलवर बसवले. सरासरी 242 वॉट शक्ती लावत राहायची, आता शक्यच नाही असं होईपर्यंत. दहाएक मिनिटांत सगळे थांबले. पूर्ण गळाले, 242 वॉट त्यांना झेपेनात. तिथल्या तिथे, विश्रांती न देता, त्यांना सांगितलं की आता फक्त 5 सेकंद जीव तोडून पायडल मारा.

किती शक्ती निघाली असेल? सरासरी 731 वॉट!

जो पाय क्षणापूर्वी 242 वॉटला नकार देत होता, त्याच पायानं तिप्पट शक्ती काढून दाखवली. स्नायू ताजे होते असं नाही, दमण्याआधी त्यांनी याहून जास्त जोर दाखवला होता. पण ते रिकामेही झालेले नव्हते. मग थांबण्याचा हुकूम कुणी दिला? मार्कोरा यांचं उत्तर आहे, मेंदूनं. किती कष्ट पडताहेत याची एक जाणीव मेंदू सतत घडवत असतो. ती जाणीव सोसण्याच्या तयारीपलीकडे गेली की आपण थांबतो. टाकीत इंधन शिल्लक असतानाच थांबतो.

किती अजब गोष्ट आहे ही! घाट सायकलस्वाराला हरवतो तो बहुतेक वेळा पायांत नव्हे, कपाळाच्या आत. आणि लढाई तिथे असेल, तर तिथवर शब्द पोहोचू शकतो.

शब्द तरी लागतो का? 2014 साली अँथनी ब्लँचफील्ड, जेम्स हार्डी आणि मार्कोरा यांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सायकल चालवणाऱ्यांसमोर पडदा ठेवला आणि त्यावर माणसांचे चेहरे झळकवले, कधी हसरे, कधी दुःखी. प्रत्येक चेहरा फक्त 16 मिलिसेकंद दिसायचा, म्हणजे सेकंदाचा सुमारे साठावा भाग. एवढ्यात आपण काही पाहिलं हेसुद्धा कळत नाही. तरीही हसऱ्या चेहऱ्यांच्या वेळी माणसं सुमारे 12 टक्के जास्त वेळ टिकली! पाय तेच, सायकल तीच, जोर तेवढाच. कष्टाची जाणीव मात्र कमी.

न दिसलेल्या हसण्यानं एवढं होत असेल, तर आटगावच्या पोराचं सगळे दात दाखवून, दोन्ही हात हलवून केलेलं स्वागत काय करत असेल, याची कल्पना करा.

माणसाच्या जवळ असण्यानं माणसाच्या अंगात काय होतं, हा प्रश्न विज्ञानानं अगदी सुरुवातीला विचारला तोसुद्धा सायकलवरूनच. अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात नॉर्मन ट्रिप्लेट नावाचा सायकलवेडा संशोधक होता. तो शर्यतींच्या नोंदींचे कागद चाळत बसला आणि त्याला दिसलं की एकटा घड्याळाशी झुंजणारा स्वार हळू जातो, सोबत कुणी असेल तर तोच स्वार झपाट्यानं जातो. यात पुढच्यानं वारा कापून देण्याचा भाग होताच. पण फक्त तेवढंच कारण असेल का? वारा बाजूला काढायचा तर प्रयोग खोलीत करायला हवा. त्यानं मासेमारीच्या गळाची चक्रं आणली आणि 40 मुलांना ती एकट्यानं आणि जोडीनं फिरवायला लावली. हा अभ्यास 1898 साली छापून आला आणि सामाजिक मानसशास्त्रातल्या अगदी पहिल्या प्रयोगांत आज त्याचं नाव घेतलं जातं.

त्यातली गंमत पुढे आहे. चाळीसपैकी 20 मुलं जोडीनं फिरवताना जास्त वेगात गेली. 10 मुलांना फरक पडला नाही. आणि 10 मुलं चक्क गडबडली! शेजारचा माणूस एकाला पंख देतो आणि दुसऱ्याचा गोंधळ उडवतो, असं का?

याचं देखणं उत्तर मिळायला 1965 साल उजाडलं. रॉबर्ट झायोंक यांनी मांडलं की कुणी बघतंय या जाणिवेनं शरीर जागं होतं, आणि जागं झालेलं शरीर अंगवळणी पडलेली गोष्ट आणखी चांगली करतं, न जमणारी गोष्ट आणखी बिघडवतं. पुढे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे कुणावर पडताळलं असेल? झुरळांवर! झुरळांना पळण्यासाठी एक सरळ बोळ केला, एक वळणाचा. बाजूच्या खोक्यांत प्रेक्षक म्हणून दुसरी झुरळं ठेवली. प्रेक्षक असताना सरळ बोळातली झुरळं जलद पळाली, वळणाच्या बोळातली रेंगाळली.

आता तुमचं लहानपण आठवा. सायकल शिकताना गल्ली जमली की हँडल हमखास डगमगायचं. पण कसाऱ्यापर्यंत आलेल्या स्वाराच्या पायांना पायडल मारायला शिकवावं लागत नाही. त्याच्यासाठी बघणारे डोळे म्हणजे निव्वळ फायदाच.

बरं, हा फायदा टिकतो किती वेळ? जे. एल. आंद्रियाची आणि सहकाऱ्यांनी 2002 साली ट्रेडमिलवर दमेपर्यंत धावणाऱ्यांना ठरावीक अंतरानं ओरडून प्रोत्साहन दिलं. दर 20 सेकंदांनी आणि दर 60 सेकंदांनी ज्यांना हाक मिळाली, त्यांची कामगिरी स्पष्ट सुधारली. ज्यांना 3 मिनिटांतून एकदा मिळाली, त्यांच्यात म्हणावा तसा फरक दिसला नाही. म्हणजे एक ‘शाब्बास’ फार काळ पुरत नाही, पुढचा लागतो. रस्ता हे काम किती सुंदर करतो पाहा. एका पाड्यावरची पोरं मागे पडतात तोच टपरी येते, टपरी मागे पडते तोच मोळी घेऊन निघालेली आजी थांबून विचारते, “कुठं चाललास रे बाबा एवढ्या उन्हाचा?” कुणीही ठरवलेलं नाही, तरी माळ गुंफली जाते.

मित्रानं “चल रे” म्हटलं तर समजू शकतं. पण अनोळख्याच्या शब्दाला एवढी धार का असावी? त्याला आपलं नाव माहीत नाही, आपल्याकडून काही मिळायचं नाही, तो पुन्हा भेटणारही नाही. मला वाटतं, धार तिथूनच येते. त्या शब्दामागे कुठलाही हिशेब असू शकत नाही, हे ऐकणाऱ्याला पुरेपूर कळतं. अनोळख्याच्या नुसत्या नजरेतही ताकद असते. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या आवारात एक प्रयोग झाला, तो 2012 साली प्रसिद्ध झाला. समोरून येणारी बाई काहींच्या नजरेला नजर द्यायची, काहींच्या आरपार बघत निघून जायची. लगेच मागून दुसरं कुणीतरी विचारायचं की गेल्या मिनिटभरात तुम्हाला इतरांपासून किती तुटल्यासारखं वाटलं? नजर मिळालेल्यांना तुटलेपण कमी जाणवलं होतं. एका नजरेनं!

देणाऱ्याला मात्र आपण काय दिलं याचा पत्ता नसतो. एरिका बूथबी आणि व्हेनेसा बोन्स यांनी 2021 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना अनोळखी माणसाचं कौतुक करायला सांगितलं. आधी विचारलं, समोरच्याला कसं वाटेल? लोकांना वाटलं, थोडंसं बरं वाटेल, थोडं अवघडल्यासारखंही होईल. प्रत्यक्षात समोरच्यांना त्या अंदाजापेक्षा खूप जास्त आनंद झाला आणि अवघडल्यासारखं खूप कमी वाटलं. आपण रस्त्यावर किती शब्द या चुकीच्या अंदाजापायी गिळले असतील!

आटगावच्या रस्त्यावर ते गिळले जात नाहीत, यालाही इतिहास आहे. हा मुंबईहून शिर्डीला पायी जाणाऱ्यांचा रस्ता. रामनवमीच्या सुमारास साईबाबांच्या पालख्या शहापूर, आटगाव, कसारा घाट करत घोटी-सिन्नरमार्गे शिर्डीकडे जातात. फोड आलेल्या पायांनी चालणाऱ्या परक्या माणसाला “साईराम” म्हणून हाक घालायची, पाणी-सरबत द्यायचं, ही इथल्या रस्त्याची जुनी सवय. पंढरीच्या वाटेवर अनोळखी माणूस ‘माऊली’ होतो, इथे ‘साईराम’ होतो. घाम गाळत लांब निघालेल्याला बळ द्यायचं, एवढं ठरलेलं आहे. तो चालतो की पायडल मारतो, हे कोण बघतो? बोरघाटातही मुंबई–पुणे सायकल शर्यतीच्या वेळी चढावरच लोक गर्दी करतात, जिथे ‘घाटाचा राजा’ ठरतो. सपाटीवर तेवढी गरज नसते, हे लोकांना प्रयोगाशिवाय कळलेलं असतं.

फ्रान्समध्येही हेच कळलेलं आहे. 1891 साली सुरू झालेली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस ही मोहीम आता चार वर्षांतून एकदा होते. 1200 किलोमीटर, जास्तीत जास्त 90 तास. गावकरी दारासमोर टेबल मांडून रात्रभर कॉफी आणि पाणी घेऊन बसतात, अंधारातून आलेल्या दिव्याला टाळ्या वाजवतात. भारतातूनही तिथे सायकलपटू जातात. आणि अशा पल्ल्यांची ओढ कसाऱ्याच्या वरच्या अंगाला किती मुरली आहे! नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणारी सुमारे 4800 किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ दोघांच्या संघात पूर्ण केली. तिथे मागून चालणाऱ्या गाडीतल्या सोबत्यांचं एक मोठं काम असतं, स्वाराशी बोलत राहायचं. जगातल्या कठीण शर्यतींपैकी एकीत बोलणं हे साहित्यात मोजलं जातं, पंक्चरच्या सामानासारखं!

आता बँकर इंजिनाकडे परत वळलं तर खरं नवल कळतं. बँकर आपली शक्ती गाडीला देतं आणि तेवढी ऊर्जा खर्च करतं. क्लीनरच्या ‘शाब्बास’नं काहीच दिलं नाही, सायकलस्वाराच्या पायांत आधीपासून असलेली, मेंदूनं अडवून धरलेली शक्ती त्यानं मोकळी केली. ती शक्ती चढणाऱ्याचीच होती. म्हणून तर घाट चढल्याचा अभिमान पूर्णपणे त्याचा राहतो आणि तरी तो एकटा चढलेला नसतो.

तेव्हा पुढच्या वेळी गाडीतून घाट चढताना कडेला एखादी सायकल दिसली, तर पुरेसं अंतर ठेवा, कर्कश हॉर्न टाळा, काच खाली करा आणि मोठ्यानं म्हणा, “भारी! चला चला!” पुढचं वळण तुम्हाला माहीत असेल तर खरं तेच सांगा, किती चढ उरलाय ते, मेंदू उरलेल्या अंतरावरूनही कष्टाचा हिशेब मांडत असतो. तुमचे दोन सेकंद जातील. मागे राहिलेल्या माणसाच्या पायांत काय झालं ते तुम्हाला दिसणार नाही, पण ते झालेलं असेल. काच खाली करा.