हलकी झाली, तरी करवतच

भीमेच्या एका अंगाला शिरूर, दुसऱ्या अंगाला दौंड. दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. घोड, भीमा आणि कालव्यांचं पाणी पोचतं तिथे ऊस, नाही तिथे ज्वारी-बाजरी. बांधावरची झाडं मात्र दोन्हीकडे सारखीच: बाभूळ, लिंब, सुबाभूळ आणि ओढ्यानाल्यांत माजलेली वेडी बाभूळ. उसावर सावली धरणारी फांदी उतरवायची, शेतरस्त्यावर आलेली काटेरी जाळी हटवायची, सरपण तोडायचं, ही कामं वर्षभर निघत राहतात. त्यासाठी घरोघरी कोयता आणि कुऱ्हाड असायची. मोठं झाड पाडायचं तर पेट्रोलची करवत घेऊन ठेकेदाराची माणसं येत. आता या दोन्हींच्या मधली जागा बॅटरीच्या करवतीने घेतली आहे.

सुरुवातीच्या साखळी-करवतींत विजेवर चालणाऱ्याही होत्या. १९२६ मध्ये जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी बनवलेली विजेची करवत ६४ किलोंची होती आणि ती चालवायला दोन माणसं लागत. पुढे पेट्रोलचं इंजिन आलं आणि करवत वायरीपासून सुटून रानात गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे न्याहाळून साखळीच्या दाताला नवा आकार दिला. आजच्या साखळ्यांचे दात त्याच घराण्यातले आहेत. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. तिच्यामुळे विजेची करवत पुन्हा हातात आली, पण या वेळी वायरीशिवाय आणि एका माणसाला पेलेल इतकी हलकी.

आपल्याकडे ती रुजली याला कारणं आहेत. शेतीपंपाची वीज ठरावीक तासच मिळते, कधी रात्रीची. बॅटरी मात्र घरच्या प्लगवर भरून बांधावर नेता येते. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळण्याचं काम नाही, दोरी ओढण्याचे हिसके नाहीत, धूर नाही, कानठळ्या नाहीत. एरवी ठेकेदाराची वाट पाहणारं काम घरची बाई किंवा म्हातारा माणूसही उरकू शकतो. ही सोय खरी आहे आणि तिचं स्वागतच केलं पाहिजे.

पण पेट्रोलच्या करवतीचा आवाजच माणसाला चार पावलं लांब ठेवायचा. बॅटरीच्या करवतीत आवाज गेला, वजन गेलं आणि त्याबरोबर धाकही गेला. धार तेवढीच राहिली. बोट खटक्यावर पडताच मोटर पूर्ण जोर लावते. म्हणून जो धाक यंत्राने घालायचा, तो आता शिकून अंगी बाणवावा लागतो.

सर्वात मोठा धोका उलट झटक्याचा. पात्याच्या टोकाचा वरचा कोपरा लाकडाला लागला की दात तिथे अडकतात आणि पातं क्षणार्धात वर उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे, मानेकडे येतं. डोळ्याने पाहून हात मागे घ्यायला तेवढा वेळच मिळत नाही. यावर उपाय आधीच करायचा: टोकाने कापायचं नाही, दोन्ही हातांनी, अंगठा मुठीभोवती वळवून धरायचं, पात्याच्या रेषेत डोकं आणायचं नाही आणि खांद्याच्या वर करवत उचलायची नाही. चांगल्या करवतीत पुढच्या मुठीसमोर साखळी थांबवणारा ब्रेक असतो. चार-सहा इंचांच्या स्वस्त करवतींत तो बहुधा नसतो. त्या एका हाताने चालवण्याच्या म्हणून विकल्या जातात आणि मोकळा हात आपोआप फांदी धरायला पुढे जातो. घात तिथेच होतो. लहान फांदी असेल तर ती आधी टेकवून पक्की करावी, मगच करवत लावावी.

वेडी बाभूळ कापणं हे वेगळंच प्रकरण. तिच्या फांद्या एकमेकींत गुंतून वाकलेल्या, ताणलेल्या असतात. एक तुटली की दुसरी चाबकासारखी सुटते. फांदीला ताण कुठे आणि दाब कुठे, हे आधी ओळखावं. बुंध्याकडून धरलेली आणि टोकाला लोंबणारी फांदी असेल तर वरच्या बाजूला ताण असतो. मग खालून एक-तृतीयांश काप घ्यावा आणि उरलेला वरून. त्यामुळे पातं चिमटत नाही आणि बुंध्याची सालही फाटत नाही.

साखळीची धार ढलप्यांवरून कळते. जाड ढलपे पडत असतील तर धार ठीक. पिठासारखा भुसा पडू लागला की माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की तोल जातो. साखळी ताणताना, साफ करताना किंवा धार लावताना बॅटरी आधी काढून बाजूला ठेवावी. ऑइलच्या टाकीत साखळीचं ऑइलच घालावं. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात तापलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये. सावलीत निवू द्यावी, मग लावावी.

डोळ्यांवर गॉगल, पायात जाड बूट आणि डोक्यावर हेल्मेट हवंच. पायांना कापापासून वाचवणारी खास पँट मिळते. तिच्यातले धागे साखळीत गुंतून ती थांबवतात. पण विजेच्या मोटरचा जोर कमी वेगातही टिकून राहतो, त्यामुळे ती पँट इथे पेट्रोलच्या करवतीइतका भरवसा देईलच असं नाही. महावितरणच्या तारांजवळची फांदी स्वतः तोडायची नाही, वीज बंद करवून घ्यायची. आंबा, चिंच, साग, चंदन अशी झाडं स्वतःच्या शेतातली असली तरी १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते.

शिरूर तालुक्यातच पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कालबाग यांनी १९८३ मध्ये तो सुरू केला. वेल्डिंग, सुतारकाम, वीज, शेती ही कामं हाताने करत शिकायची, ही तिथली रीत. अवजार विकत घेणं आणि अवजार चालवायला शिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या तालुक्याने चाळीस वर्षं पाहिलं आहे. करवतीच्या बाबतीतही तेच व्हायला हवं. विकणाऱ्या दुकानदाराने गिऱ्हाइकाला एक फांदी समोर कापून दाखवावी. साखर कारखाने, कृषी सेवा केंद्रं, ग्रामपंचायती यांनी पावसाळ्याआधी अर्ध्या दिवसाचं प्रात्यक्षिक ठेवावं. आणि करवत घेणाऱ्याने एवढं तरी पाळावं: एकट्याने कापायला जाऊ नये, लेकरांना लांब ठेवावं, जखम झालीच तर स्वच्छ फडक्याने घट्ट दाबून धरत १०८ ला फोन करावा. पैसे मोजून करवत घेता, तिथेच गॉगल, हेल्मेट आणि बूटही घ्या.